साडेतीन मीटर

जमीन साडेतीन मीटर रुंद, सोळा मीटर लांब.
डावीकडे एका शेजाऱ्याची भिंत, उजवीकडे दुसऱ्याची,
मागे तिसऱ्याची,
आणि पुढे क्वी न्योनमधली ही गल्ली,
जिच्यात सिमेंटचा ट्रक शिरत नाही.
अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे खरं,
पण इथे अंथरुणालाच कूस बदलायला जागा नाही.

थुक शिवणकाम करते, आणि पैसे सोन्यात मोजते.
नऊ पट्ट्या
बटरबिस्किटांच्या निळ्या डब्यात, बॉबिनच्या खाली.
माझ्या पहिल्या आराखड्यावर तिने खडू ठेवला,
शिंप्यांचा, चपटा, गुलाबी,
आणि पुढची बाल्कनी कापली.
मग मागची. मग वरची मोरी.
कापड कमी असलं की घडी कुठे मारायची
हे तिला माझ्यापेक्षा जास्त कळतं.
जिना मात्र तिने दोनदा पुसून तिसऱ्यांदा तसाच ठेवला.

लुआन दिवसभर लोकांच्या भिंतींना थंडी बसवत फिरतो.
म्हणाला, माझ्या घरात एसी नको.
मला वारा हवा,
ज्याचं बिल येत नाही आणि ज्याला गॅस भरावा लागत नाही.

न्ही तेरा वर्षांची.
तिला विचारलं तर खांदे उडवले,
आणि आराखडा गुंडाळताना हळूच म्हणाली,
आतून लागेल अशी कडी.

म्हणून मी घराच्या मध्यावर एक चौकोन मोकळा सोडला.
दोन मीटर बाय साडेतीन. वर आकाश, खाली खडी.
थुकने विचारलं, इथे काय आहे?
काहीच नाही, मी म्हटलं.
काहीच नाही याचे किती?
स्लॅब वाचतो, लोखंड वाचतं, मी सांगत गेले,
ती ऐकून घेत होती, आणि मग म्हणाली,
जमिनीचे पैसे तर आम्ही दिलेत ना, सगळ्या जमिनीचे?
याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.
खडू तिच्या हातात तसाच राहिला.

तेव्हा तिचा सासरा उठला. म्हातारा थिएन, जुना सुतार.
त्याच्या खिशात ती टेप,
जिच्यावर आकड्यांच्या खाली लाल आणि काळे घर असतात:
लालात माप पडलं तर बरकत, काळ्यात पडलं तर आजार, तंटा, कोर्टकचेरी.
दुकानातला स्वस्त दरवाजा त्याने कालच परत पाठवला होता,
तीन सेंटिमीटरने काळा निघाला म्हणून.
आता होडीच्या जुन्या फळ्यांमधून नवा दरवाजा
तो स्वतः रंधतो आहे, फुकट, आणि सगळ्यांवर चिडचिडत.

जमिनीवर चुन्याने आखलेला माझा चौकोन
तो उकिडवा बसून मापू लागला.
टेपचं टोक न्हीने धरलं.
मी पाहिलं, माप काळ्यात पडत होतं.
त्यानेही पाहिलं.
थोडा वेळ तो नुसता बसून राहिला,
मग त्याने हाताची पकड जरा ढिली केली,
टेप मध्ये पोट टाकून लोंबली,
आणि आकडा लालात सरकला.
लाल आहे, तो म्हणाला. राहू दे.
साठ वर्षं ज्याने रेसभर फरक चालवून घेतला नाही, तो.
थुकने खडू डब्यात टाकला.

सोनं संपलं तेव्हा घर संपलं नव्हतं.
वरच्या मजल्याला गिलावा नाही,
जिन्याला कठडा म्हणून सध्या दोरी आहे,
न्हीच्या दाराला कडी आहे पण दार प्लायवूडचं.
मोकळ्या चौकोनात लुआनने
तीन मेलेले एसी रचून ठेवलेत, पुढेमागे सुटे भाग विकेन म्हणतो.
मला राग आला. मग त्यांच्यावर
कोणीतरी कोथिंबीर लावलेली दिसली, आणि राग अर्धवट राहिला.
दुपारी दोनला थुक दिव्याशिवाय सुईत दोरा ओवत होती.

शेवटचा हप्ता द्यायच्या आधी मी माझी टेप काढली.
स्टीलची. तिच्यावर लाल नाही, काळं नाही, नुसते मिलिमीटर.
चौकोन चार सेंटिमीटर कमी भरला.
गवंडी खाली मान घालून घमेलं धूत होता, उगाच, खूप वेळ.
जिन्यावरून थिएन माझ्या हाताकडे बघत होता.

मी टेप जरा सैल सोडली.